हॉवर्थचं स्वयंपाकघर



लेकीकडे लीड्सला दोन महिने राहून आले, तेव्हापासून बस्तीत भेटेल ती विचारते, काय काय पाहिलं? लंडन पाहिलं. त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, त्यावर आणखी काय लिहायचं! मला लिहायचंय ते एका घराबद्दल. डोंगरातलं लहानसं गाव, पुढ्यात कबरस्तान आणि त्याला लागून दगडी, दुमजली घर. तिथं तिघी बहिणी राहत होत्या आणि तिघींनीही कादंबऱ्या लिहिल्या. आता त्या घराचं संग्रहालय झालं आहे.

गावाचं नाव हॉवर्थ. लीड्सहून आगगाडीनं अर्ध्या तासात कीथली येतं. तिथून पुढं वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी हौशी लोकांनी अजून चालती ठेवली आहे, तिनं आम्ही मायलेकी गेलो. स्टेशनातून वर गावात जायचा चढ असा, की मला आपल्या बाहुबलीच्या डोंगराची आठवण झाली. फक्त इथं पायऱ्या नाहीत, दगड बसवलेला उभा रस्ता आहे. गुडघ्यांना सांभाळून जा.

बहिणींची नावं शार्लट, एमिली आणि ॲन ब्रॉंटे. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्या मैत्रिणींना 'जेन एअर' आठवत असेल, ती शार्लटची. 'वुदरिंग हाइट्स' एमिलीची, 'ॲग्नेस ग्रे' ॲनची. तिन्ही पुस्तकं १८४७ सालची. एका घरातून, एका वर्षात तीन कादंबऱ्या! त्याआधी १८४६ साली तिघींनी मावशीकडून मिळालेल्या पैशातून आपल्या कवितांचं पुस्तक छापलं होतं, तेही बायकांची नावं कळू नयेत म्हणून टोपणनावांनी. त्याच्या सुरुवातीला दोन प्रती खपल्या. दोनशे नव्हे, दोन.

वडील पॅट्रिक ब्रॉंटे गावचे पाद्री. १८२० साली बायको आणि सहा लेकरं घेऊन ते या घरात आले. दीड वर्षात बायको गेली. पुढं १८२५ साली थोरल्या दोघी मुली गेल्या. मुलांची मावशी घर सांभाळायला म्हणून आली ती कायमची राहिली. मग १८४८ च्या सप्टेंबरपासून १८४९ च्या मे महिन्यापर्यंत एकुलता मुलगा ब्रॅनवेल, मग एमिली, मग ॲन, असे तिघे गेले. उरली शार्लट. तिनं १८५४ मध्ये लग्न केलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तीही गेली. वडील मात्र चौऱ्याऐंशी वर्षं जगले. सहाच्या सहा मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. संसार असार आहे असं आपण प्रवचनात ऐकतो, पण त्या जिन्याखाली उभं राहून ही सगळी नावं एकेक करून वाचताना माझ्या लेकीनं माझा हात घट्ट धरला होता, एवढंच सांगते.

आता घराकडे येते. हे घर त्यांचं स्वतःचं नव्हतंच. आपल्या बस्तीच्या पंडितांना देवळाकडून राहायला जागा असते ना, तसं ते चर्चचं घर. १७७८-७९ च्या सुमारास बांधलेलं. त्यामुळं १८६१ साली वडील वारले तेव्हा घर रिकामं करावं लागलं. शार्लटचे यजमान निकल्स त्याच चर्चमध्ये सासऱ्यांच्या हाताखाली काम करत होते, पण त्यांना ती जागा मिळाली नाही. त्यांनी बायकोची हस्तलिखितं, तिचे कपडे, काही चीजवस्तू बांधल्या आणि आयर्लंडला आपल्या माहेरच्या गावी निघून गेले. (पुरुषाचं माहेर म्हटलं म्हणून हसू नका. त्यांची अवस्था तशीच झाली होती.) घरातलं बाकीचं सामान लिलावात गेलं. भांडी, खुर्च्या, ज्या टेबलावर बसून कादंबऱ्या लिहिल्या ते जेवणाचं टेबलसुद्धा. गावातल्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घेतलं.

नवे पाद्री आले, त्यांचं नाव वेड. त्यांचं कुटुंब मोठं, त्यांना घर पुरेना. त्यांनी उत्तरेकडे एक नवा भाग जोडला. जुनं चर्चही पाडून नवं बांधलं, मनोरा तेवढा ठेवला. ब्रॉंटेंचं घर बघायला लांबून लोक यायचे, त्याचा या कुटुंबाला जाच वाटत असणार. मी त्यांना दोष देणार नाही. आपल्या घरात कुणी सारखं डोकावायला लागलं तर आपण काय करू?

१८९३ साली ब्रॉंटे सोसायटी स्थापन झाली. १८९५ साली तिनं गावातल्या एका बँकेच्या माडीवर छोटंसं संग्रहालय उघडलं. म्हणजे वस्तू एकीकडे, घर दुसरीकडे, असं तेहतीस वर्षं चाललं. अखेर चर्चनं ते घर विकायचं ठरवलं. किंमत तीन हजार पौंड. सर जेम्स रॉबर्ट्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं ते विकत घेतलं आणि सोसायटीला देऊन टाकलं. हे गृहस्थ हॉवर्थच्याच परिसरात वाढलेले, लहानपणी गिरणीत काम केलेले, आणि म्हाताऱ्या पॅट्रिक ब्रॉंटेंना त्यांनी स्वतः ऐकलेलं. ४ ऑगस्ट १९२८ रोजी घर संग्रहालय म्हणून उघडलं.

वस्तू परत कशा आल्या, ही गोष्ट मला फार आवडली. काही निकल्स यांच्याकडून, ते वारल्यावर त्यांच्या दुसऱ्या पत्नीनं विकायला काढल्या तेव्हा. काही अमेरिकेतल्या एका संग्राहकानं जमवल्या होत्या, त्या त्यांच्या मृत्युपत्रानं परत आल्या. आणि कितीतरी मार्था ब्राउनच्या पेटीतून. मार्था म्हणजे या घरातली कामवाली. लहान वयात कामाला लागली, शार्लटचं आणि म्हाताऱ्या वडिलांचं शेवटपर्यंत तिनंच केलं. तिला दिलेल्या नि तिनं जपलेल्या वस्तू पुढं हातोहात फिरल्या, आणि त्यातल्या बऱ्याच आज काचेआड आहेत. जेवणाचं टेबल मात्र फार उशिरा हाती आलं. १८६१ च्या लिलावात गेलेलं ते टेबल २०१५ साली संग्रहालयाच्या मालकीचं झालं, आणि त्यासाठी पाच लाख ऐंशी हजार पौंडांचं अनुदान लागलं. घरातलं जुनं फर्निचर भंगारवाल्याला देताना मला हा आकडा आता आठवत राहणार!

टेबल अगदी साधं आहे. त्यावर शाईचे डाग आहेत, मधोमध मेणबत्तीनं जळाल्याची खूण आहे, एका ठिकाणी इंग्रजी 'ई' कोरलेलं आहे. आपण मुलांना ओरडतो, टेबलावर रेघोट्या मारू नका म्हणून. तेच सगळे लोक वाकून वाकून बघत होते.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती स्वयंपाकघराच्या दारात. दोरीपलीकडे शेगडी, टांगलेली भांडी, मध्ये टेबल, एवढंच. लेक म्हणाली, आई, इथं काय बघतेस, वर त्यांची हस्तलिखितं आहेत. पण मी तिथंच. कारण तिथली माहिती वाचली आणि कळलं, की हे स्वयंपाकघर मूळचं राहिलेलंच नव्हतं. वेड यांनी नवा भाग जोडला तेव्हा शेगडी काढून टाकली आणि त्या खोलीतून नव्या भागात जायचा रस्ता केला. म्हणजे स्वयंपाकघराचा बोळ झाला. संग्रहालयवाल्यांनी नंतर ते पुन्हा उभं केलं, कुटुंबाची काही भांडीकुंडी, काही सामान मिळवून.

का केलं असेल? वडिलांची अभ्यासिका होती, टेबल होतं, हस्तलिखितं होती. लोक पुस्तकांसाठी येतात, चूल बघायला कोण येतं?

त्याचं उत्तर एलिझाबेथ गॅस्केल यांच्या पुस्तकात आहे. या बाई शार्लटच्या मैत्रीण, स्वतः कादंबरीकार, त्यांनी १८५७ साली शार्लटचं चरित्र लिहिलं. लेकीनं मला ते मोबाइलवर काढून दिलं, रोज रात्री थोडं थोडं वाचलं. त्यात म्हटलंय, की एमिली घरचा पाव करायची, आणि पीठ मळताना समोर जर्मन भाषेचं पुस्तक उघडून उभं करून ठेवायची. हात पिठात, डोळे पुस्तकात. आता सांगा, अशा बाईचं अभ्यासाचं टेबल कुठलं? ती मळायची जागा काढून टाकली तर तिचं अर्धं शिक्षण त्या घरातून गेलं की नाही?

आणखी एक गोष्ट आहे. टॅबी नावाची म्हातारी बाई या घरात स्वयंपाकाला होती. मुलींना तिनंच वाढवलं, गावच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. वय झालं, नजर कमी झाली, तरी कामावरून हटायला तयार नाही. बटाटे सोलले की त्यांचे काळे डोळे तसेच राहायचे. शार्लट तेव्हा 'जेन एअर' लिहीत होती. लिहायचं ऐन रंगात आलेलं असतानाही ती मध्येच उठायची, टॅबीच्या नकळत बटाट्यांचं भांडं उचलून आणायची, राहिलेले डोळे काढायची आणि भांडं गुपचूप जागेवर ठेवून द्यायची. का, तर म्हातारीला वाईट वाटू नये. बटाट्याचा आपला काय संबंध, कंदमूळ ते! पण सासूबाईंनी निवडलेल्या तांदळात खडे राहिले तर त्यांना न सांगता ताट परत कुणी निवडलं नाही? ज्यांनी निवडलंय त्यांना शार्लट किती मोठी लेखिका होती हे वेगळं समजावून सांगायला नको.

हीच टॅबी एकदा बर्फावर घसरून पाय मोडून बसली. मावशीचं म्हणणं, हिला हिच्या बहिणीकडे पाठवू. तिघी मुलींनी जेवण सोडलं. टॅबी इथंच राहील, तिचं आम्ही करू. मोठ्यांना माघार घ्यावी लागली. उपवासाची ताकद आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

संध्याकाळचीही एक गोष्ट आहे. रात्री नऊला वडील दार बंद करायचे, जिन्यातल्या उंच घड्याळाला किल्ली द्यायचे आणि फार जागू नका म्हणून वर झोपायला जायचे. मग शिवणटिपण बाजूला ठेवून तिघी बहिणी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या घालायच्या. चालता चालता आज काय लिहिलं, पुढं काय लिहायचं, ते एकमेकींना सांगायच्या. दिवसभराची कामं झाल्यावर मिळालेले हे दोन तास. त्याच्या दहाएक वर्षं आधी विशीतल्या शार्लटनं आपल्या कविता सदी नावाच्या मोठ्या राजकवीला पाठवल्या होत्या, तेव्हा त्यानं उलट कळवलं होतं, की साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये. ते पत्र तिनं जपून ठेवलं होतं. पुढं दोघी बहिणी गेल्यावर शार्लट एकटीच टेबलाभोवती चालायची, आणि ते पावलांचे आवाज ऐकून मार्थाच्या पोटात तुटायचं.

त्या जागेत उभी असताना मला आमच्या सासरच्या वाड्याची सारखी आठवण येत होती. ती का, ते आता सांगते.

आमचा वाडा नदीकाठच्या गावात आहे. दीडशे वर्षं तरी झाली असतील. सागवानी खांब, जाड पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परसात गोठा. सध्या तिथं कुणी राहत नाही. आमचे आजेसासरे शिक्षक होते आणि लिहायचे. पुराणातल्या कथांवर त्यांनी मराठीत ओवीबद्ध आख्यानं रचली, चातुर्मासात ती बस्तीत वाचली जायची. छापून काही आलं नाही. त्यांच्या वह्या, पत्रं, 'प्रगति आणि जिनविजय'चे बांधून ठेवलेले जुने अंक, असं सगळं आहे. दोन वर्षांपासून भावजींच्या मनात आहे, की वाडा पाडायचा नाही, दुरुस्त करायचा आणि तिथं आजोबांच्या नावानं ग्रंथदालन करायचं. आख्यानं बघायला मिळतील, आपल्या जुन्या मराठी जैन कवींची माहिती लावता येईल. गुणकीर्तींचं 'धर्मामृत' पाचशे वर्षांहून जुनं आहे हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींनी १८८४ साली 'जैन बोधक' सुरू केलं, तेव्हा मराठीत मासिकं तरी किती होती? भावजींचा विचार मला मनापासून पटला. त्यांच्याइतकी धडपड घरात दुसरं कुणी करत नाही, हेही लिहून ठेवते.

मी लीड्सला असतानाच त्यांनी नकाशा पाठवला. सोप्यात काचेची कपाटं. माजघरात वाचनालय. स्वयंपाकघराच्या जागी कार्यालय आणि दोन स्वच्छतागृहं. कारण मोरी तिथं आहे, पाण्याचा निचरा तिथूनच आहे, खर्च वाचतो. हिशेबानं बघितलं तर बरोबरच आहे.

हॉवर्थहून परत आल्यावर मी तो नकाशा पुन्हा उघडला. तिकडंही नेमकं हेच झालं होतं की! स्वयंपाकघराचा बोळ. आणि मग पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा शोधत बसायचं, शेगडी कुठं होती, खिडकी कुठं होती.

आमच्या वाड्याच्या बाबतीत तर अजून एक आहे. आजेसासऱ्यांची म्हणून जी आख्यानं दाखवायची आहेत, त्यांच्या स्वच्छ प्रतींतलं अक्षर त्यांचं नाही. ते आजेसासूबाईंचं आहे. हे मला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आजोबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. ते ओव्या रचायचे, घाईघाईनं पाटीवर नाहीतर पाठकोऱ्या कागदावर उतरवायचे. आजीचं शिक्षण मराठी चौथी, पण अक्षर मोत्यासारखं. आपल्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं. चूल विझली, भांडी झाली की बाकीच्या गावातल्या बायका पोळ्या लाटत असायच्या तेव्हा आजी मोकळी असायची. चुलीच्या उबेला बसून, कंदिलाच्या उजेडात ती त्या ओव्या उतरवून काढायची. रात्रिभोजन त्यागाचे फायदे आपण आरोग्यासाठी सांगतो, हाही एक फायदाच म्हणायचा. काही ठिकाणी ओवी अडखळत असेल तर ती सरळ बदलायची, आणि आजोबा सकाळी वाचून काही बोलायचे नाहीत, असंही आत्याबाई हसून सांगायच्या.

तिच्या स्वतःच्याही दोन वह्या आहेत. पाळणे, व्रतांची गाणी, मध्येच जोंधळ्याचा हिशेब, मध्येच लोणच्याचं प्रमाण. या वह्या आणि ती आख्यानं एका पत्र्याच्या पेटीत, स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर होती. चुलीचा धूर जातो म्हणून कसर लागत नाही, हा आजीचा हिशेब. २०१९ च्या महापुरात सोप्यात कमरेपेक्षा जास्त पाणी होतं. सोप्यातल्या कपाटातली छापील पुस्तकं लगदा झाली. माळ्यावरची पेटी कोरडी राहिली. २०२१ ला पाणी आलं, तेव्हाही. म्हणजे जे ग्रंथदालन करायचं म्हणतो, त्यातला मूळ ऐवज वाचला तो स्वयंपाकघरामुळं. आणि तेच काढून तिथं स्वच्छतागृह?

मी हे सगळं भावजींना लांबलचक लिहून पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे, पण बाहेरून बायका-मुलं येणार, त्यांची सोय नको?" हवीच. प्रवासात सोय नसली की काय होतं ते आपल्याइतकं पुरुषांना कुठं कळतं! मी म्हटलं, सोय गोठ्याच्या बाजूला करा. पाईप वीस-पंचवीस फूट जास्त लागेल, त्याचे पैसे आम्ही घालू. मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. "लोक आजोबांचं लेखन बघायला येतील. त्यांना चूल दाखवून काय करायचं?" मी त्यांना एमिलीच्या पिठाची गोष्ट सांगितली. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "प्रतींचं अक्षर आजीचं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." नातवाला माहीत नाही आणि नातसुनेला माहीत आहे, याचं कारणही तेच. या गोष्टी स्वयंपाकघरात सांगितल्या गेल्या.

चालवायचा खर्च कसा निघणार, ही भावजींची खरी काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्यासाठी मी त्यांना थॉर्नटनचं सांगितलं. हॉवर्थपासून जवळच हे गाव आहे. ब्रॉंटे कुटुंब आधी तिथं राहायचं, आणि तिघी बहिणी नि भाऊ तिथल्याच एका छोट्या घरात जन्मले. त्या घराचं पुढं काय काय झालं! पुढच्या भागात खाटकाचं दुकान निघालं. (वाचून माझ्या तोंडून 'अरिहंत अरिहंत' निघालं.) नंतर तिथं कॉफीचं दुकान झालं. ते बंद पडल्यावर लोकांनी एकत्र येऊन, भाग विकून पैसे उभे केले, घर विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि २०२५ साली ते लोकांसाठी उघडलं. वरच्या खोल्या रात्री राहायला भाड्यानं देतात, त्यातून खर्चाला हातभार लागतो. आपल्याकडे रात्री राहायला कोण येईल ते माहीत नाही, पण भाग काढून पैसे जमवायची कल्पना भावजींनी वहीत लिहून घेतली. आपल्या समाजात एका हाकेत मंडप उभा राहतो, हे तर त्याच्यापेक्षा लहान काम आहे.

सांभाळायचं म्हणजे काय, हेही तिथं बघून आले. हॉवर्थचं घर दर वर्षी जानेवारीत काही आठवडे बंद ठेवून साफसफाई करतात. खोल्यांना रंग कोणते होते हे शोधायला जुने थर खरवडून तपासले आणि त्याप्रमाणे २०१३ साली घर पुन्हा सजवलं. आपल्याला हे फार अवघड वाटतं, पण श्रुतपंचमीला आपण काय करतो? शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, वाळवतो, नव्या वस्त्रात बांधून ठेवतो. पिढ्यान्पिढ्या बायकांनी हे केलं आहे. आमच्या ग्रंथदालनाची वर्षाची साफसफाई मी श्रुतपंचमीलाच लावायला सांगितली आहे. कागदाला ऊन आणि ओल दोन्ही चालत नाही, त्यामुळं काचेच्या कपाटात मूळ वह्या कायमच्या ठेवायच्या नाहीत, त्यांच्या प्रती ठेवायच्या, हेही कळवलं. पूर आला तर मूळ वह्या कुठं? माळ्यावर. तिथंच.

केशवसुतांचं मालगुंडचं घर तुमच्यापैकी पुष्कळजणींनी गणपतीपुळ्याला जाता-येता पाहिलं असेल. कोकण मराठी साहित्य परिषदेनं ते दुरुस्त करून स्मारक केलं, शेजारी आधुनिक मराठी कवींचं दालन उभं केलं. म्हणजे आपल्याकडे होत नाही असं नाही. तिथं मुलांना नेलं होतं तेव्हा मुलं कवितांपेक्षा घरातच जास्त रमली होती. आता पुन्हा जायचं आहे, या वेळी भावजी आणि जाऊबाईंना घेऊन, आणि वही-पेन घेऊन.

नकाशा बदलला आहे. कार्यालय माजघराच्या कोपऱ्यात, सोय गोठ्याकडे. स्वयंपाकघर राहणार. चूल मात्र नवी घालावी लागेल, कारण जुनी पुरात विरघळली. जाऊबाईंच्या माहेरी चुली घालणाऱ्या एक आजी आहेत, त्यांना विचारलंय. पाटीचं नाव अजून ठरायचं आहे. भावजी म्हणतात आजोबांचं. मी म्हणते दोघांचं. दिवाळीनंतर कौलं उतरवायला सुरुवात होईल. स्वयंपाकघरावरची कौलं सगळ्यात शेवटी काढा, असं मी सांगून ठेवलंय, आणि त्या दिवशी पेटी उतरवायला मी स्वतः जाणार आहे.

तुमच्या कुणाच्या घरी आजीच्या, पणजीच्या हातच्या गाण्यांच्या वह्या असतील तर कळवा. वह्या देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. फोटो पाठवा, आणि त्या वहीत हिशेब लिहिलेला असेल तर ते पानही पाठवा.